नॅनोवायरच्या (अतिसूक्ष्म तारेच्या) रामन वर्णपटात, म्हणजे विखुरलेल्या लेझर प्रकाशातून अणूंची कंपनं दाखवणाऱ्या आलेखात, दोन रेषांच्या मध्ये तिसरी दिसते. ती पृष्ठभागाच्या कंपनांची आहे हे कसं ठरवायचं?

भोवतालचं माध्यम बदलून पाहा; यापेक्षा खात्रीची कसोटी नाही.

गॅलियम फॉस्फाइडच्या तारा घेऊ. त्या दोन रेषांपैकी टीओ (तरंगाच्या आडव्या दिशेतली कंपनं) सुमारे ३६७ आणि एलओ (तरंगाच्या दिशेतली कंपनं) ४०३ सेमी⁻¹ वर येते. एलओच्या किंचित खाली (कमी सेमी⁻¹ कडे) खांद्यासारखा उंचवटा असेल, तर आधी हवेत मोजा, मग त्याच तारांवर डायक्लोरोमिथेन हा द्रव टाकून (हे वाफा ओढून घेणाऱ्या फ्यूम हूडखालीच). उंचवटा खाली सरकला आणि टीओ-एलओ जागेवर राहिल्या, तर ते पृष्ठभागाचं कंपन. तार फार बारीक असल्यामुळे येणारी एलओची तिरकी शेपटी माध्यमाला दाद देत नाही.

सरकणं जेमतेम ३-४ सेमी⁻¹ असतं, त्यामुळे दर मिलिमीटरला १८०० रेषांची ग्रेटिंग (प्रकाश विभागणारी रेषांकित पट्टी) लावा. सरकणं किती यावं याच्या गणितात द्रवाचा स्थिर विद्युतक्षेत्रातला पराविद्युतांक (क्षेत्राला द्रव किती प्रतिसाद देतो तो आकडा, सुमारे ९) घालू नका, अपवर्तनांकाचा वर्ग, म्हणजे साधारण २, घ्या. इतक्या जलद कंपनाबरोबर द्रवाचे रेणू वळू शकत नाहीत.

सगळ्यात जास्त फसवतं ते लेझरचं तापणं. हवेत तार तापते आणि सगळ्याच रेषा खाली जातात. द्रवात ती थंड होते आणि रेषा वर येतात, म्हणजे हवं ते सरकणं झाकलं जातं. नमुन्यावर १ मिलिवॅटपेक्षा कमी शक्ती ठेवा, ती निम्मी करून टीओ हलत नाही हे तपासा आणि सरकणं टीओच्या सापेक्षच मोजा.

सिलिकॉनच्या तारांत ही रेषा शोधू नका. तिथे टीओ-एलओ एकाच जागी, ५२० च्या आसपास, असतात. मधे जागाच नाही.