हेलसिंकीत प्रकाशनातली नोकरी हवीय? आधी कॅलेंडर बघ

अगं, नवऱ्याला हेलसिंकीशेजारच्या एस्पूत नोकरी लागलीय आणि तू पुण्यात पुस्तकांचं एडिटिंग करतेस, तर जुलैत इकडे आल्या आल्या काम मिळेल का असं विचारलंयस. जुलैत विसरच. अख्खं ऑफिस सुट्टीवर, तळ्याकाठच्या घरी, तुझ्या मेलला ऑटो-रिप्लाय येईल, मनाला लावून घेऊ नकोस.

मी इथे एका प्रकाशनात राइट्सचं, म्हणजे पुस्तकांचे अनुवादाचे हक्क परदेशी प्रकाशकांना विकण्याचं, बघतो. आमचं सगळं वर्ष शेवटच्या तीन महिन्यांवर तोललेलं असतं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला तुर्कूचा पुस्तक मेळा, मग जर्मनीत फ्रँकफर्टचा मेळा, तिथलं आवरतोय तोवर महिनाअखेरीला हेलसिंकीचा मेळा, लगेच नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी फादर्स डे (हो, इथे तो नोव्हेंबरात, आणि बाबांना पुस्तक द्यायची पद्धत, त्यामुळे युद्धाचा इतिहास धो धो खपतो), मग नोव्हेंबरअखेरीस फिनलंडिया हा इथला मोठा साहित्य पुरस्कार. त्यात ज्युरी फक्त शॉर्टलिस्ट काढते, विजेता एकच माणूस ठरवतो, बक्षीस 30,000 युरो, आणि आपलं पुस्तक जिंकलं की रीप्रिंटसाठी पळापळ कारण ख्रिसमस तोंडावर. दिवाळी अंकाच्या ऑफिसात शेवटच्या आठवड्यात जे चालतं ना, ते इथे तीन महिने. तेव्हा सीव्ही कोण उघडणार?

म्हणून भेटीगाठी जानेवारी-फेब्रुवारीत कर. सेल चालू असतात, न खपलेला माल परत येत असतो, पण लोक भेटतात आणि पुढच्या शरदाची यादी ठरत असते.

आता कटू भाग. फिनिशशिवाय एडिटिंग नाही, इंग्लिश कितीही चांगलं असो. देश 56 लाखांचा, मोठे गट दोनच, बॉनिअर (वेर्नर सोडरस्ट्रोम आणि तम्मी ही प्रकाशनं त्यांचीच) आणि ओतावा, शिवाय दुकानांच्या मोठ्या साखळीची मालकीही ओतावाकडेच, म्हणजे एकीकडे जमलं नाही तर पर्याय फार नाहीत. त्यात 2025 मधे पुस्तकांवरचा व्हॅट 10 वरून 14 टक्के केला होता, ऑडिओबुकच्या सबस्क्रिप्शनमुळे छापील पुस्तकावर ताण आहेच. तुझ्यासाठी दारं म्हणजे राइट्स, कव्हर डिझाइन, मेटाडेटा (दुकानांसाठी पुस्तकांची माहिती भरणं), ऑडिओ प्रॉडक्शन. राइट्समधे दिवसभर इंग्लिशच चालतं, माझं तसंच जमलं.

आणि एक, निघायच्या आधी तुझ्या पुण्याच्या प्रकाशकाशी बोल. फिनिश पुस्तकाच्या अनुवादासाठी परदेशी प्रकाशकांना फिली ही संस्था अनुदान देते. एखादं मराठीत करायचं ठरलं तर इथल्या राइट्सवाल्यांशी तुझा पत्रव्यवहार तिथूनच सुरू होईल, नोकरी मागणारी म्हणून नाही, हक्क विकत घेणारी म्हणून.