वास नाकाला, हुकूम हार्मोनला

प्रश्न : माशाच्या मेंदूतल्या हार्मोन स्रवणाऱ्या पेशींवर वासाचा थेट परिणाम होतो, असं वाचलं. हे कसं शक्य आहे?

उत्तर : शक्य आहे, आणि मला तर हा प्राणिशास्त्रातला सर्वांत सुंदर धागा वाटतो. गोल्डफिशचं नाक जवळून पाहा. पुढच्या छिद्रातून पाणी आत, मागच्यातून बाहेर. श्वासाशी त्याचा संबंध नाही. आत वास टिपणाऱ्या पेशींच्या घड्या असतात. तिथून निघालेला संदेश दोन जाड तंतुपट्ट्यांमधून, म्हणजे घ्राणपथांमधून, मेंदूत पोचतो.

चेताशास्त्रज्ञ एरिक कँडेल यांनी 1964 मध्ये गोल्डफिशच्या हायपोथॅलॅमसमधल्या, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या हार्मोन-नियंत्रक भागातल्या, एकेका पेशीत अतिसूक्ष्म इलेक्ट्रोड घातला. या पेशींचे तंतू थेट पिट्युटरीत, म्हणजे मेंदूखालच्या हार्मोन-ग्रंथीत, उतरतात आणि तिथे हार्मोन सोडतात. घ्राणपथाला विजेचा हलका झटका दिला, की या पेशी बराच वेळ उत्तेजित राहत आणि एकापाठोपाठ एक विद्युत-आवेग सोडत. हार्मोन बनवणारी पेशी चेतापेशीसारखीच 'बोलते', हे इतकं स्पष्ट दिसावं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

निसर्गात विजेचं काम गंध करतो. अंडी सोडण्याआधी मादी पाण्यात एक स्टेरॉइड सोडते. नराला त्याचा सुगावा लागला, की पिट्युटरीतून येणारं एलएच हे प्रजननाला चालना देणारं हार्मोन वाढतं आणि शुक्रद्रव जास्त तयार होतं. घ्राणपथाचा आतला पदर कापला, तर हा प्रतिसाद थांबतो. अन्नाच्या वासाचे संदेश मुख्यतः बाहेरच्या पदरातून जातात.