पाटी लावू नकोस

पोरी,

तुझ्या कलाप्रकल्पाचा आराखडा दोनदा वाचला. खानापूरच्या कुंभारांकडून ५०० मडकी घ्यायची, बसस्टँडवर मांडायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना त्यांवर 'आपलं स्वप्न' रंगवायला सांगायचं. मडकी ठेव, स्वप्न काढून टाक. लोंढ्याची बस गाठायच्या घाईतला माणूस तुला स्वप्न कशाला सांगेल?

मीही हेच केलं होतं. बेळगावच्या वडगावात, विणकरांच्या वस्तीत, गल्लीच्या आरपार ताण्याचे (मागावरचे उभे) धागे बांधले आणि शेजारी पाटी लावली: 'हात लावा, बदल करा.' दोन दिवस धाग्यांना कुणी शिवलं नाही. पाटीवर मात्र वाद झाला, ती नुसत्या मराठीत होती म्हणून. आपल्याकडे पाटीची आधी भाषा वाचतात, मग मजकूर. तिसऱ्या दिवशी वाऱ्यानं पाच-सहा धागे तुटले. समोरच्या मागवाल्या घरातली आज्जी बाहेर आली, चिमटीत टोकं धरून एकेक धागा सांधत गेली, ताण सैल आहे म्हणून कन्नडमधून माझ्यावर करवादली आणि आत गेली. संध्याकाळी आणखी तिघी-चौघी तिथं गाठी मारत होत्या. आज्जीला मराठी वाचताच येत नव्हतं. मी पाटी काढून घरी नेली.

रिरक्रित तिरावनिजा या कलाकारानं १९९२ साली न्यूयॉर्कच्या गॅलरीत थाई करी-भात रांधून लोकांना फुकट वाढला. महाप्रसादाच्या पंगतीत वाढलेल्या आपल्याला त्यात काय नवल! मला त्यातली दुसरी गोष्ट आवडते: गॅलरीच्या कचेरीतलं सामान त्यानं दालनात आणून मांडलं, म्हणजे रोजचं कामच लोकांसमोर आलं.

तुझ्या कामाला जवळचं उदाहरण कलाकार नवजोत अल्ताफ यांचं. बस्तरमधल्या कोंडागाव भागात आदिवासी कलाकारांसोबत त्यांनी हातपंपांभोवतीच्या जागा घडवल्या, 'नलपार' नावाच्या. सांडलेलं पाणी वाहून जाईल, भरलेला हंडा उचलण्याआधी टेकवता येईल, अशी रचना. कला बघायला कुणी येवो न येवो, पाण्याला बायका येणारच.

दिवाळीत पोरं अंगणात किल्ला करतात तेव्हा आमंत्रण कुठं असतं? रस्त्यानं जाणारा आजोबा थांबतो आणि बुरूज चुकलाय म्हणून स्वतःच माती थापतो.

तेव्हा पहिला आठवडा काही मांडू नकोस. स्टँडवर बस, चहा घे, लोक पाण्यासाठी कुठं थांबतात ते बघ. पहिली दहा मडकी तिथं भरून ठेव.