खसाचे आणि मोगऱ्याचे अत्तर दोन-तीन वर्षे ठेवले तर खराब होते का? (राहणार नाशिक)

खसाचे सहसा होत नाही, उलट ते मुरते. मोगऱ्याचा ताजेपणा मात्र आधी उतरतो. अत्तरांसाठी प्रसिद्ध असलेल्या उत्तर प्रदेशातल्या कनौजच्या पारंपरिक पद्धतीत देगमधली (तांब्याच्या हंड्यातली) सुगंधी वाफ भपक्यातल्या (वाफ गोळा करणाऱ्या भांड्यातल्या) चंदनतेलात उतरवतात आणि खस व चंदन यांचे जड घटक सावकाश उडतात, त्यामुळे माझ्या जुन्या कुपीतल्या खसाचा सुरुवातीचा हिरवट, काहीसा उग्र वास निवला असून मनगटावर ओल्या मातीसारखा गोडसर गंध संध्याकाळपर्यंत राहतो. अर्थात, हे मुरणे चंदनतेलात उतरवलेल्या अत्तरापुरतेच. पॅराफिनमध्ये (खनिज तेलात) कालवलेले स्वस्त अत्तर माझ्या मते मुरत नाही, नुसते विरते. नाशिकचा पारा एप्रिल-मेमध्ये ४० अंशांपर्यंत जातो, तेव्हा कुपी घट्ट बुचाची आणि कपाटाच्या अंधारात असावी.