पिनांची डबी

तुझं पत्र चार पानी आहे. वय चौतीस, लग्नाला सहा वर्षं. आठ महिने गोळ्या, अकराव्या दिवसापासून दिवसाआड सोनोग्राफी, फॉलिकल, म्हणजे बीजाची पिशवी, फुटायचं इंजेक्शन. नळ्यांच्या एक्स-रेच्या वेळी टेबलाची कड धरून रडलीस. नरसोबाच्या वाडीच्या अकरा पौर्णिमा जोडीनं केल्यात. आता टेस्ट ट्यूबसाठी पाटल्या गहाण टाकू का, एवढंच विचारतेस. खाली सही ‘एक अभागी’.

मी अडकले ती तिसऱ्या पानावरच्या कंसात. ‘लॅबनं यांच्यासाठी दिलेली डबी तशीच राहिली, आता मी त्यात सेफ्टी पिना ठेवते.’

अगं बाई! मूल न होण्यामागे जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचंही कारण असतं. त्याची पहिली तपासणी वीर्याची, ती या डबीतच होते. ना सुई, ना भूल. आणि ती डबी पिनांना दिलीस?

फौंड्रीतून यांना सुट्टी मिळत नाही म्हणतेस. अकरा पौर्णिमांना मिळाली ती? ‘देवमाणूस आहेत, एका शब्दानं बोलत नाहीत.’ न बोलायला काय जातंय त्यांचं? टेबलावर तू झोपलीस. डॉक्टरबाईंनी ‘मिस्टरांचा रिपोर्ट?’ विचारलं की ‘पुढच्या वेळी आणते’ म्हणणारीही तूच. खोट आपल्यातच आहे असं धरून चाललं की घरात शांतता राहते, म्हणून सांभाळतेस ना त्यांना? मला राग त्यांचा आलाय, पण थोडा तुझाही.

तू सहज लिहून गेलीस की हे दिवसभर भट्टीपुढे असतात आणि तंबाखू सुटत नाही. दोन्हींनी शुक्राणूंवर परिणाम होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या पुस्तिकेत एका मिलिलिटरला १ कोटी ६० लाख ही खालची मर्यादा धरली आहे. संख्या त्याहून कमी आली म्हणजे सगळं संपलं असं नाही. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, मधे कडक ताप आला असला तरी आकडा पडतो, म्हणून तपासणी पुन्हा करतात. कधी अंडकोशातल्या फुगलेल्या शिरा निघतात, त्यावर इलाज असतो. वीर्यात एकही शुक्राणू नसला तरी काही जणांच्या अंडकोशातून तो काढता येतो, आणि मग तो थेट बीजात सोडतात. साधं आययूआय, म्हणजे वीर्य नळीनं गर्भाशयात सोडणं, पुरेल, टेस्ट ट्यूब लागेल की यातलं काही, हे तो कागद पाहिल्याशिवाय डॉक्टरांनी तरी कशाच्या जोरावर ठरवायचं?

म्हणून पाटल्या कपाटात राहू देत. यांचा रिपोर्ट हातात येईपर्यंत तू एकही गोळी घ्यायची नाहीस, एकाही टेबलावर चढायचं नाहीस. डॉक्टरबाईंना फोन करून तसं सांग, आणि यांनाही सांग, जेवताना, सासूबाई समोर असल्या तरी.

जुनी डबी पिनांनाच राहू दे, तपासणीला निर्जंतुक लागते; लॅबमध्ये मागितली की नवी देतात. आधी दोन ते सात दिवस संबंध नकोत. नमुना शक्यतो लॅबमध्येच द्यावा. घरून न्यायचाच तर तासाभरात पोचवायचा, डबी फ्रिजमध्ये न ठेवता शर्टाच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला. आणि न्यायची त्यांनी. तू बरोबरही जायचं नाहीस.