सेवेत देव का दिसत नाही?

प्रश्न : सिस्टर, सासूबाईंना तोंडाचा कॅन्सर आहे. ‘आता घरीच ठेवा,’ असं डॉक्टर म्हणाले. ड्रेसिंग, अंग पुसणं, कूस बदलणं यात माझा दिवस जातो. पूजाअर्चा सुटली. येणारा-जाणारा म्हणतो, ‘केवढं पुण्य पदरात पडतंय तुझ्या!’ मला मात्र नुसता थकवा जाणवतो. रात्री त्या ‘विठ्ठला, सोडव रे’ म्हणून कण्हतात, तेव्हा देवाचाच राग येतो. माझ्या सेवेत काही कमी पडतंय का?
– एक सून, सांगली जिल्हा

उत्तर : ताई, आधी त्या रात्रीच्या कण्हण्याचं बघू. पॅलिएटिव्ह केअरचे, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात वेदना आणि त्रास कमी करणारे डॉक्टर गाठा. जवळ नसतील तर जिल्हा रुग्णालयात विचारा. मॉर्फिनची, म्हणजे तीव्र वेदनेवरची गोळी लिहून दिली तर ‘सवय लागेल’ म्हणून घाबरू नका. मॉर्फिनची साधी गोळी बहुधा दर चार तासांनी, दुखायची वाट न बघता, घड्याळ लावून द्यायची असते. तिनं बद्धकोष्ठता होते, म्हणून पोट साफ होण्याचं औषधही सोबत मागून घ्या. माणूस वेदनेनं तळमळत असताना त्याला नामस्मरण कर म्हणणं मला क्रूर वाटतं.

लंडनला १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या आजारातल्या माणसांची काळजी घेणारं ठिकाण, सुरू करणाऱ्या डॉ. सिसिली सॉन्डर्स मुळात नर्स. दुखणं एकट्या शरीराचं नसतं, मन, घरदार, श्रद्धा सगळंच त्यात दुखतं, असं त्या सांगत. सासूबाईंचं ‘सोडव रे’ त्यातलंच, आणि तुमचा रागही.

आमच्या वॉर्डात एक वारकरी आजोबा होते. मान सुजून तुळशीची माळ कातडीत रुतत होती. मुलगा म्हणे, कापून टाका. आजोबा डोळ्यांनीच नको म्हणत. मी मऊ, लांब दोरा आणला आणि उशाशी बसून माळ नव्यानं ओवली. मणी त्यांच्या तळहातावर. ते एकेक पुढे करत, मी ओवत होते. तेवढा वेळ माझं मन दुसरीकडे कुठेच गेलं नाही. देवासमोर बसून मला ते कधी साधलं नव्हतं. देव दिसला का, तर नाही. पण त्यानंतर मी त्याला वॉर्डाबाहेर शोधायला गेले नाही.

म्हणून वेगळं काही करू नका. सासूबाईंचं तोंड पुसता ना, तेच सावकाश करा. बोटाला मऊ गॉज गुंडाळून, कोमट पाण्यात भिजवून, जखम सांभाळून. चहा आवडत असेल तर गार चहात भिजवा. खाणं नको म्हणाल्या तर बळजबरी नको. शेवटी तीर्थ द्यायचं झालं तर घशात ओतू नका, ठसका लागतो. ओठ ओले केले तरी पुरे.

राग आला तर त्यांच्याजवळच बोला, ‘आई, मलाही विठ्ठलाचा राग येतो.’ त्यांना तेवढीच सोबत वाटेल. आणि पुण्याचं बोलणाऱ्या नणंदा-जावांना दुपारी दोन तास त्यांच्याजवळ बसवा. तुम्ही दार लावून झोपा.