शून्य परिकल्पना 'स्वीकारली' की 'नाकारता आली नाही'?

प्रश्न असा आला आहे : शिक्षणशास्त्राच्या एका प्रबंधाचं मुद्रितशोधन करताना 'शून्य परिकल्पनेचा स्वीकार करण्यात येत आहे' हे वाक्य पानोपानी भेटतं. मार्गदर्शक म्हणतात, तिथे 'शून्य परिकल्पना नाकारता येत नाही' असं हवं. हा फरक अर्थाचा की नुसता शैलीचा? आणि 'परिकल्पना'ऐवजी 'गृहीतक' चालेल का?

फरक अर्थाचा आहे आणि मार्गदर्शकांचं बरोबर आहे. शून्य परिकल्पना (null hypothesis) म्हणजे 'फरक नाही' असं सांगणारं, पुराव्यावर तपासायला घेतलेलं विधान.

आकडे घेऊनच बघू. दुधाच्या पिशवीवर ५०० मिली छापलंय. यंत्रातून भरून निघणाऱ्या सगळ्या पिशव्या ही आपली समष्टी, म्हणजे ज्यांच्याबद्दल बोलायचं तो अख्खा समूह. (इथे काही जण 'लोकसंख्या' लिहितात. पिशव्यांची लोकसंख्या!) या समष्टीचा मध्य, म्हणजे सरासरी, ५०० मिली आहे, ही शून्य परिकल्पना. समजा, ३६ पिशव्या मोजल्या आणि नमुन्याचा मध्य ४९७ मिली, प्रमाण विचलन (मापं मध्याभोवती किती पसरली आहेत ते) ९ मिली आलं. ९ ला ३६ च्या वर्गमुळाने भागलं की प्रमाण त्रुटी, म्हणजे नमुन्याचा मध्य साधारण किती इकडेतिकडे होऊ शकतो ते, १.५ मिली. तूट ३ मिलीची, म्हणजे बरोबर दोन प्रमाण त्रुटींइतकी. नमुना ३६ चा असल्याने टी-कोष्टकात (अशा मर्यादांच्या तक्त्यात) एकाने कमी, म्हणजे ३५ ची ओळ बघायची; ५ टक्के पातळीला (परिकल्पना खरी असूनही ती नाकारली जाण्याची शक्यता ५ टक्के ठेवून), तूट आणि वाढ या दोन्ही बाजू धरून, तिथे मर्यादा २.०३ आहे. आपला आकडा तिच्या आत राहिला. परिकल्पना नाकारता आली नाही. प्रसामान्य वक्राची (घंटेच्या आकाराच्या नेहमीच्या वक्राची) १.९६ ही मर्यादा लावली असती तर मात्र ती नाकारली गेली असती. विचलनही नमुन्यावरूनच काढावं लागतं तेव्हाची ही मेख १९०८ साली विल्यम गॉसेटने दाखवली. डब्लिनच्या गिनेस कंपनीत बिअर बनवण्याच्या कामावर असलेला हा माणूस लिहायचा 'स्टुडंट' या टोपणनावाने.

आता त्याच पिशव्यांवर 'मध्य ४९५ मिली आहे' ही परिकल्पना तपासा. २ भागिले १.५, म्हणजे १.३३. तीही नाकारता येत नाही. 'स्वीकार' हाच शब्द धरून बसलात तर मध्य ५०० आहे हेही स्वीकारलं आणि ४९५ आहे हेही! 'नाकारता येत नाही' म्हटलं की हा घोळ होत नाही. दोन्ही शक्यता अजून शाबूत आहेत, इतकंच ते वाक्य सांगतं.

मराठीत तर ही छटा क्रियापदातच आहे. 'नाकारली नाही' म्हटलं की नाकारणाऱ्याची मर्जी दिसते. 'नाकारता आली नाही' म्हटलं की हाती असलेला पुरावा तोकडा पडला हे कळतं. आपल्याला दुसरं हवंय. एवढी सोय असताना 'स्वीकार करण्यात येत आहे' हे सरकारी परिपत्रकी वळण कशाला?

'स्वीकार' अगदीच आभाळातून पडलेला नाही. नेमन आणि पिअर्सन या संख्याशास्त्रज्ञांनी १९३३ मध्ये जी मांडणी केली तिच्यात स्वीकारणं-नाकारणं आहेच, पण तिथे तो पुढे काय करायचं याचा निर्णय असतो : माल घ्यायचा की परत पाठवायचा. संख्याशास्त्रज्ञ फिशरचा सूर वेगळा. शून्य परिकल्पना कधी सिद्ध होत नाही, झाली तर खोटी ठरते, असं त्याने १९३५ मध्ये स्पष्ट लिहिलं. प्रबंधात कुणी माल उतरवून घेत नसतं, तेव्हा तिथे फिशरचीच भाषा बरी. 'परिकल्पनेचा त्याग केला' हेही मला खटकतं. त्यात उगाच वैराग्य डोकावतं. सरळ 'नाकारली' लिहावं.

'गृहीतक' मी इथे वापरणार नाही. जे तपासायचं ती परिकल्पना. जे न तपासता गृहीत धरून पुढे जायचं ते गृहीतक. वरच्या उदाहरणात पिशव्या यादृच्छिक निवडल्या, एकीचं माप दुसरीवर अवलंबून नाही, ही गृहीतकं. दोन्हींना एकच शब्द दिला तर प्रबंधाच्या पहिल्याच प्रकरणात गोंधळ. (आणि 'ही' दीर्घ; 'गृहित' नव्हे.)

मुद्रितशोधन करताच आहात तर निष्कर्षाचं प्रकरणही बघा. 'दोन गटांत फरक नाही' असं वाक्य सापडलं तर ते 'दोन गटांत सार्थक फरक (ठरवलेली मर्यादा ओलांडणारा) आढळला नाही' असं करून घ्या, आणि समासात मार्गदर्शकांसाठी खूण ठेवा.